कोपरगावचे मूग

संगमनेर,
१८ जून २०२५

छबूबाई विहीणबाईंना केशरकडून भरपूर माया आणि तेवढाच राग.

राग कशाचा ते तुम्हाला ठाऊक आहे. पण आधी हे पत्र कशाला ते सांगते. फोन हाताशी असताना मी कागद काळे करते म्हणून रामभाऊ टेम्पोवाला मला हसला. म्हणाला, "केशरकाकू, लई जुन्या वळणावर गेल्या तुमी." त्याला काय सांगू? आमच्या घरातला फोन म्हणजे गावची चावडी. मी तुमच्याशी बोलायला लागले की निकिता येते, तिच्यामागून रविराज येतो, स्पीकर लागतो, आणि मग आपण दोघी "बरं आहे ना? हो, बरं आहे" एवढंच बोलून ठेवून देतो. मला जे बोलायचंय ते तुमच्या लेकीच्या कानावर जायला नको, ही अट तुमचीच. रामभाऊ आठवड्यातून एकदा भाजी घेऊन नेवाशाला येतो. त्याच्या हाती पत्र देत जाईन, तुम्हीही द्या.

तर राग. परवा निकिताची चोरओटी भरायला तुम्ही आलात. मालक गेलेल्या बाईनं ओटी भरू नये म्हणून मागे मागे सरत होतात, तर मी तुमचा दंड धरून पुढे आणलं. लेकीच्या पदरात नारळ घालताना तुमचा चेहरा बघितला आणि मलाच भरून आलं. पुढच्याच मिनिटाला तुम्ही स्वयंपाकघराची भिंत धरून उभ्या! निकितासाठी बांगड्या आणायला नेते असं सांगून मी तुम्हाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं म्हणून कळलं तरी. एकशे सत्तरवर शंभर! आणि त्या खुर्चीत बसून तुम्ही मला काय म्हणालात? "रविराजरावांना सांगू नका. ते निकिताला माझ्याकडे पाठवणार नाहीत. एवढं एक बाळंतपण मला करू द्या."

मी शब्द दिलाय आणि तो माझ्या घशात अडकलाय. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, रात्रीची जागरणं काढायची, शेकशेगडी करायची. त्यात तुम्ही भिंत धरून खाली बसलात तर निकितानं बाळाला बघायचं की तुम्हाला? म्हणून हे प्रेशर उतरलंच पाहिजे.

निकिताला तपासायला नेते तिथे आहाराच्या एक मॅडम बसतात. मी त्यांना तुमचं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, नुसती भाकरी-चटणी खाणाऱ्यांच्या पोटात प्रोटीन जातच नाही. ताटातली एक भाकरी कमी करायची आणि तिच्या जागी वाटीभर उसळ नाहीतर घट्ट वरण घ्यायचं. त्यानं प्रेशर खाली यायला थोडी मदत होते. थोडीच, जादू नव्हे. मीठ मात्र हात आखडून. मी विचारलं, मग गोळी बंद करायची? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलून उभीच राहिले. किडनी खराब असेल तर डाळी वाढवायच्या नसतात म्हणे, पण तुमचं रक्त-लघवी तपासून डॉक्टरांनी ती काळजी मिटवलीच आहे.

सोबत मटकी, चवळी आणि हुलगे पाठवते. आमच्याच रानातले. परवा तुम्ही माझ्याकडे घास खाल्ला नाहीत, पाणीसुद्धा पिशवीतल्या बाटलीतलं प्यालात. चक्कर आली होती म्हणून सोडलं. आता सोडणार नाही.

तुमची विहीण,
केशर

-----

नेवासा,
२६ जून २०२५

केशरबाईंना छबूचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि कडधान्याच्या पिशव्या रामभाऊंनी दारात आणून दिल्या. एवढं कशाला पाठवलंत? मटकी लगेच भिजत घातली. टपोरी आहे. मोडही सुरेख आले. तुमच्या घरचा एक दाणा वाया जाणार नाही, याची खात्री बाळगा.

गोळी रोज सकाळी घेते. चक्कर पुन्हा आलेली नाही.

तुम्ही शब्द पाळताय याचं ओझं मला कळतं. मी हट्टी आहे असं तुम्हाला वाटेल. पण एक सांगते. माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं. रीतीनं माहेरी व्हायचं, पण करणारी उरली नव्हती. मला सहावा लागला आणि माझी आई गेली. सासूबाईंनी काही कमी केलं नाही, देव त्यांचं भलं करो. पण कळा सुरू झाल्यावर बाई आईला हाक मारते. मी हाक मारली आणि मग मला आठवलं की ती नाही. निकितानं हाक मारली तर मी तिथे असायला हवी. माझी एवढीच इच्छा आहे.

अंगणवाडीत होते तेव्हा बायकांना डाळी-उसळीचं मीच सांगत असे, त्यामुळे मॅडमचं म्हणणं मला नवीन नाही. पण तुम्ही कुणाला तरी माझ्यासाठी विचारलंत, हे नवीन आहे.

निकिताला अंडी पाठवते. घरच्या कोंबड्यांची आहेत. तिला उकडून द्या.

आपली,
छबू

-----

संगमनेर,
१६ जुलै २०२५

विहीणबाई,

अहो, तुमच्या कोंबड्यांना झालंय तरी काय? पहिल्यांदा चार अंडी आली, मग टोपलीभर, आणि या खेपेला रामभाऊनं टोपली खाली ठेवली ती दोन्ही हातांनी. पिवळं असं केशरी, की आमचे हे म्हणाले, तुझ्या नावाला शोभतंय. निकिता रोज खाते. तपासणीत तिचं रक्त वाढलंय, बाळाचं वजन बरोबर आहे, प्रेशर तर असं छान की मी डॉक्टरीणबाईंना दोनदा मोजायला लावलं. आई-लेकीचं एकाच वेळी बिघडायला नको, ही माझी आपली भीती.

आता तुमचं बोला. मटकीची चव कशी लागली? हुलग्याचे शेंगोळे केलेत का? मी लसणाचा ठेचा लावून करते, तुम्ही कसे करता ते लिहा. मोघम लिहू नका. "दाणा वाया जात नाही" असं लिहिता, पण उसळीत गूळ घालता की नाही हेसुद्धा तुमच्या पत्रातून कळत नाही. आमच्या घरी रविराजसुद्धा जेवणाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त बोलतो, आणि तो तर मोजूनमापून बोलणारा.

आणि प्रेशर मोजलंत का? आकडा लिहा.

आणखी मटकी पाठवते. पहिली संपली असेलच.

केशर

-----

नेवासा,
२४ जुलै २०२५

केशरबाईंना नमस्कार.

आकडा लिहायचा नव्हता, पण तुम्ही विचारलाय. एकशे अडुसष्ट. खालचा शंभरच आहे.

डॉक्टर म्हणाले, "आजी, गोळी घेताय, मग उतरत का न्हाई? खाता काय?" मी म्हटलं, घरात मटकी आहे, चवळी आहे, हुलगे आहेत. ते म्हणाले, मग ठीक आहे, आणखी एक गोळी लिहून देतो. आजी म्हणाले ते मात्र गोड लागलं. अजून झाले नाही तरी.

मटकी आली, भिजत घातली. तुमच्याकडची मटकी फार चांगली आहे. सकाळी मोड आले की परातीत घेते आणि अंगणात बसते. माझी सकाळ आता त्यातच जाते.

शेंगोळे निकिताच्या बाबांना आवडायचे.

उद्यापासून श्रावण लागतोय. तुमच्याकडे श्रावणात अंडी चालत नसतील तर सांगा. पण गरोदर बाईला नेम नसतो, असं आपलं मला वाटतं.

छबू

-----

संगमनेर,
२२ ऑगस्ट २०२५

छबूबाई,

बुधवारी तुमच्या अंगणातून मी पाणी न पिता परत फिरले, ते का, हे विचारायला तुम्ही दोनदा फोन केलात. निकिता शेजारी होती म्हणून मी "बस चुकली असती" असं सांगितलं. आता खरं सांगते.

श्रावणात एकदा माउलींचं दर्शन घ्यायचं म्हणून नेवाशाला आले. म्हटलं, न सांगता जावं, विहिणीला चकित करावं. चकित मीच झाले. मागच्या दारानं आले, तर तुम्ही परात घेऊन अंगणात बसलेल्या. परातीत माझी मटकी, बोटभर मोड आलेली. आणि समोर तुमच्या कोंबड्या! "या गं बायांनो, खा पोटभर" म्हणत तुम्ही मूठमूठ टाकत होतात. आत डोकावले तर तुमचं ताट वाढलेलं. बाजरीच्या दोन भाकरी, हिरवा ठेचा, वर मीठ, आणि भाजलेले दोन पापड. मी पापडाकडे बघत होते तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "पापड उडदाचाच की, केशरबाई." अहो, उडदाचा, पण त्यात मीठ आणि पापडखार किती? जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना उसळ वाटलीत, आणि स्वतः खारावर जगताय.

मला एवढंच विचारायचंय. माझ्या हातचं, माझ्या घरचं तुम्हाला चालत नाही का? लग्नात मानपानाचं कमी-जास्त झालं असेल तर तोंडावर बोला. मी दाणे निवडून, पाखडून पाठवले. तुमची उसळ शिजत असेल अशा भरवशावर रोज जेवले. आणि तिकडे कोंबड्या गलेलठ्ठ! मी रस्ताभर रडले, छबूबाई. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कुणी गेलं का?"

शब्द दिला होता म्हणून गप्प बसले. आता गणपती झाले की रविराजला सगळं सांगणार. बाळंतपण इथेच होईल.

केशर

-----

नेवासा,
२५ ऑगस्ट २०२५

केशरबाई,

रामभाऊंचा टेम्पो यायची वाट बघितली नाही. हे पत्र आजच्या एसटीत ओळखीच्या माणसाकडे देते आहे.

तुमच्या घरचं मला चालत नाही असं कसं म्हणता? माझी लेक तुमच्या घरी आहे. तुम्ही तिला कधी उष्टं भांडं उचलायला लावलं नाहीत, हे ती मला रडत सांगते, आणि आनंदानं रडते.

आमच्यात लेकीच्या घरचं काही खात नाहीत. पाणीही पीत नाहीत. तिला मूल झालं की मग खायचं. तुम्हीही या जिल्ह्यातल्याच आहात, तुम्हाला माहीत असणार. पण आता कुणी पाळत नाही, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नसेल. आमच्या आईनं पाळलं. माझ्या लग्नानंतर ती मला भेटायला यायची ती पदरात भाकरी बांधून. माझ्या ओसरीवर बसून स्वतःची भाकरी खायची आणि उठून जायची. मला वाईट वाटायचं, पण अभिमानही वाटायचा. तिला प्रेशर होतं हे कुणाला माहीतच नव्हतं. एक दिवस अर्धं अंग गेलं आणि तीन दिवसांत संपली. तिनं जे पाळलं ते मी मोडायचं कसं?

तुमचं परत करावं तर तुमचा अपमान. फेकावं तर अन्नाचा अपमान. म्हणून कोंबड्यांना घातलं. त्यांची अंडी निकिताला आणि तुम्हाला. तुमचं तुमच्याकडेच परत येत होतं. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग दुकानातून आण. आणलं असतं. पण निकिताचे बाबा गेल्यापासून पातेलं काढायला हात उचलत नाही. एका माणसासाठी काय आमटी टाकायची? भाकरी थापली, ठेचा घेतला, झालं. आमटीला समोर कुणीतरी लागतं.

रविराजरावांना सांगायचं तर सांगा. तुमचा हक्क आहे. पण निकिताला तोडू नका माझ्यापासून. मी हात जोडते.

छबू

-----

संगमनेर,
४ सप्टेंबर २०२५

छबूबाई,

हात जोडू नका. तुमचं पत्र वाचून मी देवघरासमोर बसून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. माझी आईसुद्धा पाळायची. माझ्याकडे यायची तेव्हा शेजारणीकडचं पाणी मागून प्यायची. मला वाटलं, ती रीत तिच्याबरोबर गेली. तुमच्या बाटलीकडे बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, म्हणजे मी किती शहाणी बघा.

तर आता ऐका. मी तुमच्या रीतीला हात लावणार नाही. सोबतच्या पिशवीत मूग आहेत. हे आमच्या घरचे नाहीत. माझ्या माहेरचे, कोपरगावचे आहेत. माझा भाऊ काकासाहेब, गोदाकाठच्या काळ्या रानात पिकवतो. त्याला म्हटलं, माझ्या एका बहिणीला पाठवायचेत. आता मला सांगा, सासूच्या भावाच्या घरचं खाऊ नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय? असेल तर पोथी पाठवा, मी वाचते.

कोंबड्यांना ज्वारी घाला. त्या बायांनी पुष्कळ प्रोटीन खाल्लं.

पातेलं काढा. समोर कुणी नाही म्हणताय ना? मग माझ्यासाठी करा. दर आठवड्याला मला लिहायचं, काय केलं, कसं झालं, किती खाल्लं. वाटीभर मूग खाल्ले की एक भाकरी कमी. पापड वाळवणाच्या डब्यात राहू देत, लग्नाकार्यात काढू. ठेच्यात मीठ अर्धं, चव आणायची तर लिंबू पिळा. गोळ्या दोन्ही, न चुकता. आणि परसात फेऱ्या मारा. नुसते मूग खाऊन बसलात तर तुमच्याही कोंबडीसारखं व्हायचं.

रविराजला दसऱ्यापर्यंत सांगत नाही. तोवर आकडा उतरला तर मीच त्याला सांगेन, तुमच्या बाजूनं. नाही उतरला तर तुम्ही स्वतः माघार घ्यायची. निकिताच्या जिवापेक्षा आपल्या दोघींचा हट्ट मोठा नाही. एवढं कबूल करा.

केशर

-----

नेवासा,
२७ सप्टेंबर २०२५

केशरबाईंना नमस्कार.

कबूल केलं होतं, पाळलं.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. प्रवरेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून आलंय. रामभाऊंचा टेम्पो दोन आठवडे आला नाही म्हणून माझी आधीची पत्रं तशीच राहिली, ती यासोबत देते. त्यात मुगाची आमटी, मुगाची उसळ, मुगाचं धिरडं असंच सगळं आहे. वाचून तुम्हाला कंटाळा येईल. पण तुम्हीच सांगितलं होतं, मोघम लिहू नका.

पहिल्या दिवशी पातेलं काढलं तर झाकणावर कोळिष्टक होतं. घासून घेतलं. फोडणी बसली आणि तो वास घरभर गेला. शेजारच्या केरूच्या आईनं भिंतीवरून विचारलं, "काय वं छबूबाई, पाव्हणं आलं व्हय?" मी म्हटलं, "व्हय, कोपरगावची." आणि मग मी चुलीपाशी बसून रडले, केशरबाई. किती वर्षं मी स्वतःला पाहुणी म्हणूनसुद्धा वाढलं नव्हतं. पहिले चार दिवस मीठ कमी म्हणून घास उतरत नव्हता. आता ठेचा खारट लागतो.

आकडा एकशे छत्तीस. खालचा चौऱ्याऐंशी. सिस्टरनं दोन्ही दंडांवर मोजलं. डॉक्टरांना विचारलं, हे गोळीनं उतरलं, मीठ सोडल्यानं, की मुगानं? ते हसले. म्हणाले, "तिघांनी मिळून वढलंय आजी, आता एकालाबी सोडू नका." गोळ्या चालूच राहणार आहेत. पायातला गळाठा गेलाय. विहिरीवरून येताना मध्ये बसावं लागत नाही.

आता तुम्ही शब्द दिला होता. निकिता कधी येईल?

छबू

-----

संगमनेर,
५ ऑक्टोबर २०२५

छबूबाई,

एकशे छत्तीस! मी देवापुढे साखर ठेवली. तुमची सगळी पत्रं वाचली, धिरड्याचं दोनदा. धिरड्यात आलं घालून बघा.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि मी रविराजला माडीवर नेऊन सगळं सांगितलं. ओटीच्या दिवशीपासून ते कोंबड्यांपर्यंत. तो ऐकत राहिला. मला वाटलं, आता आवाज चढणार. त्यानं एवढंच विचारलं, "आता किती हाय?" मी आकडा सांगितला. मग म्हणाला, "आई, मी एवढा परका वाटलो का त्यांना?"  याचं उत्तर तुम्ही द्या.

निकिता मात्र भडकली. माझ्यावर आधी, मग तुमच्यावर.  संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आईला काही झालं असतं आणि मला नंतर कळलं असतं तर?" यावर तुमच्याकडे किंवा माझ्याकडे काय उत्तर आहे, सांगा. आपण दोघींनी तिला जपायच्या नादात तिला बाहेर ठेवलं. यापुढे असलं लपवणं नको.

तर ठरलं असं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, प्रवासाला हरकत नाही. येत्या शुक्रवारी रविराज तिला घेऊन येतोय. बाळंतपण नेवाशाच्या दवाखान्यात, आणि पुढचं तुमच्या घरी. त्यानं प्रेशर मोजायचं मशिन आणलंय. रोज सकाळी आधी लेकीचं मोजायचं, मग आईचं, दोन्ही आकडे त्याच्या मोबाईलवर पाठवायचे. ही त्याची अट आहे आणि ती मला आवडली.

एकच अडचण. गोदेला पूर आला तो तुम्ही ऐकलाच असेल, त्यात काकासाहेबाचं रान पाण्यात गेलं. या वर्षी त्याच्याकडे मूग नाहीत. तुमचे संपत आले असतील. पुढचे कुठून पाठवायचे, याचा विचार करतेय. दुकानातले आणवू का?

केशर

-----

नेवासा,
१४ ऑक्टोबर २०२५

केशरताईंना,

निकिता सुखरूप पोचली. आत्ता शेजारी झोपली आहे, आणि झोपेतही माझ्या पदराचं टोक धरून आहे. आल्या आल्या भांडली. मी ऐकून घेतलं. मग जेवली. आज सकाळी तिचे एकशे बारा, माझे एकशे चौतीस. रविराजरावांनी मोबाईलवर अंगठा पाठवला.

ते तिला सोडायला आले तेव्हा मी त्यांना बसवलं आणि सांगितलं, तुम्ही परके वाटला नाहीत, मीच भित्री निघाले.  जाताना ते वाकून पाया पडले, आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघून हसले.

आता तुमची अडचण. कोपरगावचे मूग येणार नाहीत म्हणून जीव टांगणीला लावू नका. ते कधी आलेच नव्हते.

तुम्ही पाठवलेली पिशवी मी पहिल्या दिवशीच परातीत ओतली. आत कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी निघाली. कीड लागू नये म्हणून पाला असा कापडात बांधून ठेवायचा, हे निकिताला मी शिकवलंय. आणि कापड माझ्याच जुन्या साडीचं होतं. बाळाच्या दुपट्यांसाठी मी तिला दिलेली ती शेवाळी साडी. तुमच्या कोपरगावच्या भावाकडे ती कशी जाईल, ताई? काल निकिताला विचारलं तर म्हणाली, "सासूबाईंनी मूग निवडून बांधायला सांगितले. कुणाला द्यायचे ते सांगितलं नाही."

 परात उचलून अंगणात जायचं मनात आलं होतं. कोंबड्या दारात येऊन उभ्याही राहिल्या. पण तुम्ही माझ्यासाठी माहेर रचलंत, भाऊ रचलात, काळं रान रचलंत. एवढं खोटं माझ्यासाठी कुणी बोललं नव्हतं. आणि मग आईची आठवण आली. माझ्या ओसरीवर पदरातली भाकरी खाणारी. तिनं शेवटपर्यंत रीत पाळली आणि नातवंड बघितलं नाही. मला तिचा अभिमान होता, ताई, अजूनही आहे. पण त्या वेळी मला अभिमान नको होता, आई हवी होती.

मी मूग भिजत घातले. शिजवले आणि खाल्ले. तुमच्या घरचे आहेत हे पुरतं जाणून खाल्ले. मूल व्हायच्या आधी खाल्ले. उद्या नातवंड झाल्यावर कुणी म्हणायला नको की आता चालतं म्हणून छबू खाते, म्हणून आजच लिहून ठेवते.

तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या हौसेनं कोपरगावचं लिहीत होतात, मला ते वाचायला आवडत होतं.

दवाखान्यातून दिवस जवळ आल्याचा निरोप आला की तुम्हीही या. मला आता एकटीनं सगळं करून दाखवायचं नाही. तुम्ही बाळाला न्हाऊ घाला, मी निकिताला घालीन.

मूग दोन वाट्या उरलेत. रामभाऊंबरोबर तुमच्या रानातले पाठवा, आणि पिशवीवर तुमचंच नाव घाला.

तुमची,
छबू